स्वभावाला औषध असतं का?

‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा चर्चा संपवायला वापरलं जातं. सून तुसडी, मेहुणा भिडस्त, धाकटा भित्रा. एकदा शिक्का बसला की त्या माणसाकडे नव्याने बघायची गरज कोणाला वाटत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं म्हटलं की विषयच मिटला. पण स्वभाव म्हणजे माणसाच्या आत भरलेला एखादा न बदलणारा ऐवज आहे का? की तो माणूस आणि त्याच्या भोवतालचं जग यांच्या रोजच्या देवाणघेवाणीत घडत राहतो? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या सामाजिक बोधात्मक सिद्धांताबद्दल हे प्रकरण आहे.

विरार पूर्वेला आमच्या इमारतीत एक बाई राहतात. फोर्टातल्या एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर काम करतात. घरी चार पाहुणे जमले की त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या. काही विचारलं तर आधी नवऱ्याकडे पाहणार. कचेरीतल्या बैठकीत आपण कधी तोंड उघडलेलं नाही, हे त्या स्वतःच सांगतात. याच बाई सकाळच्या चर्चगेट फास्टच्या लेडीज डब्यात शिरल्या की सगळा डबा त्यांच्या शब्दावर चालतो. ‘ती निळी ओढणी अंधेरीला उतरतेय, तिची जागा हिला द्या, हिला सातवा महिना आहे.’ दारात अडून राहिलेल्या मुलीला त्या नालासोपाऱ्यालाच आत घेतात, चौथ्या सीटवरून पेटलेलं भांडण दोन वाक्यांत मिटवतात, आणि कोणी अरेरावी केली तर आवाज चढवायलाही कमी करत नाहीत. मग या बाई भिडस्त की धीट?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली एका पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला आणि व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात मोठी खळबळ उडवली. प्रश्नावली भरून घेऊन काढलेल्या ‘धीट’, ‘प्रामाणिक’, ‘आक्रमक’ अशा गुणांवरून माणूस एखाद्या विशिष्ट प्रसंगी कसा वागेल याचा अंदाज फारच थोडा येतो, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे युइची शोदा यांच्याबरोबर काम करताना त्यांनी म्हटलं की माणसात सातत्य असतं, पण ते ‘जर-तर’च्या रूपात असतं. अमुक परिस्थिती असेल तर हा माणूस असा वागेल, तमुक असेल तर तसा. आमच्या शेजारच्या बाईंचं वागणं विसंगत नाहीच. घरी-कचेरीत गप्प आणि डब्यात खंबीर, हे वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं आहे. हा आकृतिबंध म्हणजेच त्यांचं व्यक्तिमत्त्व.

या विचारधारेचा सर्वांत मोठा शिल्पकार अल्बर्ट बंडुरा. जन्म १९२५, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातलं मंडारे हे छोटंसं गाव. आईवडील पूर्व युरोपातून आलेले. गावात एकच शाळा, शिक्षक मोजके, पुस्तकं त्याहून मोजकी, त्यामुळे मुलांना पुष्कळसं आपलं आपणच शिकावं लागे. मानसशास्त्राकडे ते वळले तेही योगायोगाने. विद्यापीठात ज्या मुलांच्या गाडीतून ते जात ती सगळी पहाटे पोचणारी. मोकळा वेळ भरून काढायला सोयीच्या वेळेचा एक वर्ग त्यांनी निवडला, तो मानसशास्त्राचा निघाला. हे इथे सांगितलं ते त्यांनीच पुढे त्याचा सिद्धांत केला म्हणून. आयुष्याची दिशा ठरवण्यात योगायोगाने झालेल्या गाठीभेटींचा वाटा केवढा असतो, यावर १९८२ साली त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. १९५३ पासून ते स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. २०२१ साली त्यांचं निधन झालं.

बंडुरांचं नाव सर्वसामान्य वाचकाला ठाऊक असतं ते बोबो बाहुलीमुळे. १९६१ साली डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्यासह त्यांनी नर्सरीतल्या ७२ मुलांवर हा प्रयोग केला. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बुक्के मारतं, हातोडीने झोडपतं, शिव्या घालतं. काहींसमोर तेच माणूस शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळत बसतं. नंतर मुलांना त्या बाहुलीपाशी सोडलं, तर मारझोड पाहिलेल्यांपैकी अनेकांनी तशीच, अगदी त्याच शब्दांसकट, मारझोड केली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, बक्षीस दिलं नव्हतं. आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय कळलेलं होतं: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

मला मात्र १९६५चा पुढचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात मारझोड करणाऱ्याला शेवटी शिक्षा होताना काही मुलांनी पाहिली. अशा मुलांनी नक्कल कमी केली. मग प्रयोगकर्त्यांनी सांगितलं, जेवढं आठवतंय तेवढं करून दाखवा, बक्षीस मिळेल. आणि मुलांनी जवळजवळ सगळं करून दाखवलं. म्हणजे शिकणं झालेलंच होतं. फक्त ते वागण्यात उतरलं नव्हतं. माणूस आत किती काय साठवून बसलेला असतो आणि परिस्थितीने दार उघडलं की त्यातलं काय बाहेर येतं, हे या एका प्रयोगातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं शंभर प्रश्नावल्यांतून दिसणार नाही.

विरार गाडीत नवीन लागलेली मुलगी पाहा. पहिल्या दिवशी ती दादरला उतरायचं म्हणून दादर आल्यावर उठते आणि दादरच्या पुढे जाते. चार दिवसांत ती न विचारता शिकते. दोन स्टेशनं आधी उठायचं, पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावून ‘दादर?’ म्हणायचं, पर्स पोटाशी घ्यायची, गर्दी आपल्याला उतरवते तेव्हा अंग आखडायचं नाही. बंडुरांनी निरीक्षणातून शिकण्याचे चार टप्पे सांगितले: लक्ष देणं, लक्षात ठेवणं, अंगाला जमवणं आणि करावंसं वाटणं. चौथ्या टप्प्यावर बरंच काही अडतं. रिटर्न मारून, म्हणजे विरारकडे येणाऱ्या गाडीत आधीच्या स्टेशनवर चढून, जागा पकडायची युक्ती ती मुलगी पहिल्याच आठवड्यात पाहते, पण करत नाही, कारण विरारला आधीपासून रांगेत थांबलेल्या बायका काय बोलतात तेही तिने ऐकलेलं असतं.

इथून बंडुरा अनुकरणाच्या पलीकडे गेले. पर्यावरण माणसाला घडवतं, एवढंच त्यांना म्हणायचं नव्हतं. माणसाच्या मनातले विचार आणि अपेक्षा, त्याचं वागणं, आणि भोवतालची परिस्थिती हे तिन्ही, एका त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांसारखे, एकमेकांना घडवत असतात. बाई डब्यात एकदा बोलल्या, भांडण मिटलं. त्यामुळे बायका त्यांच्याकडे पाहू लागल्या, म्हणजे परिस्थिती बदलली. लोक आपलं ऐकतात हे कळल्यावर त्यांचं मन बदललं. पुढच्या वेळी त्या लवकर बोलल्या. घरी हे चक्र सुरूच झालं नाही, कारण तिथे त्यांचं पहिलं वाक्य कोणी पुरं होऊ दिलं नव्हतं.

या चक्राच्या मध्यभागी बंडुरांनी एक गोष्ट ठेवली: ‘हे मला जमेल’ हा विश्वास. सापाला घाबरणाऱ्या माणसांवर काम करताना तो त्यांच्या हाती लागला. मदतनिसाच्या सोबतीने पायरीपायरीने सापाजवळ जाऊन त्याला हातात धरेपर्यंत मजल मारलेली माणसं पुढे सांगत, की आता इतर गोष्टींतही आम्ही बिचकत नाही. १९७७ साली त्यांनी या क्षमताविश्वासाचा सिद्धांत मांडला आणि १९८६ साली आपल्या साऱ्या कामाला सामाजिक बोधात्मक सिद्धांत असं नाव दिलं. हा विश्वास चार वाटांनी येतो. सर्वांत पक्की वाट स्वतः काही करून दाखवण्याची. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी जमलेलं पाहण्याची. तिसरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने ‘तू कर’ म्हणण्याची. चौथी शरीराची: छाती धडधडते तिचा अर्थ माणूस भीती असा लावतो की तयारी असा.

यातल्या ‘आपल्यासारख्याच’ या अटीकडे नीट पाहायला हवं. त्यासाठी आताच्या पालघर जिल्ह्यासारखा पुरावा दुसरा नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली कुटुंबांवर पिढ्यान्पिढ्या वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला सावकाराकडे राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. बाहेरचे लोक म्हणत, हे मुळातच दबलेले, स्वभावानेच गरीब. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला गेलेल्या थोड्या वारल्यांनी तिथे शेतकऱ्यांना उघडपणे बोलताना पाहिलं. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पुढच्या काही महिन्यांत वेठ आणि लग्नगड्यांची पद्धत मोडीत निघाली. गवत कापणीला ५०० पौंडांमागे अडीच रुपये मजुरी हवी म्हणून संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसं मेली, तरी चळवळ मागे हटली नाही. या चळवळीच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सारं लिहून ठेवलं आहे. परुळेकर पुण्यातल्या, कायदा शिकलेल्या. त्यांच्या धाडसाकडे पाहून वारली माणूस फार तर म्हणाला असता, ‘बाईंना जमतं, आम्हाला कसं जमेल?’ शेजारच्या पाड्यावरचा वारली जमीनदारासमोर ताठ उभा राहिला तेव्हा मात्र ही पळवाट उरली नाही. वेठबिगारी १९७६ साली देशभर कायद्याने बंद झाली. तरीही वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९८०च्या दशकात श्रमजीवी संघटना बांधून वेठबिगार सोडवावे लागलेच. कायदा परिस्थितीचा कोपरा बदलतो, उरलेले दोन कोपरे माणसांनाच हलवावे लागतात.

आता एकाच माणसाचं व्यक्तिमत्त्व या नजरेने वाचून पाहू. वसईकरांना ज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही असे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, हरित वसईच्या लढ्याचे नेते, आणि २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. पंचवीस जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. स्वभाववैशिष्ट्यांच्या भाषेत त्यांचं वर्णन दोन शब्दांत होतं: मृदू आणि निर्भय. पण ते मृदूही आणि निर्भयही कसे झाले, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.

दिब्रिटोंचं नंदाखाल हे वाड्यांचं, केळीच्या बागांचं आणि विहिरींचं गाव. शिक्षण तिथल्याच मराठी माध्यमाच्या सेंट जोसेफ हायस्कुलात. वसईच्या ख्रिस्ती घरांत मराठीची सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलली जाते, आणि शाळेत तुकोबा-ज्ञानोबा भेटतात. देवळातली उपासना मात्र तेव्हा लॅटिनमध्ये असे. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं, आणि दिब्रिटो घडले ते याच बदलाच्या वर्षांत. १९७२ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. वीस वर्षं आधी जन्मले असते तर हाच मुलगा, हीच बुद्धी, पण धर्मग्रंथ सोप्या मराठीत आणण्याचा विचार त्याच्या आटोक्यात आला असता का? बंडुरांचा योगायोगावरचा लेख इथे आठवतो.

पुस्तकांतून भेटणारी माणसंही आदर्श होऊ शकतात, यावर बंडुरांचा मोठा भर होता. मराठी ख्रिस्ती लेखकापुढे तशी मोठी परंपरा उभी होतीच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओवीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स, नंतर रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. ख्रिस्ती असणं आणि अस्सल मराठी असणं यांत भांडण नाही, हे आधीच कोणी तरी जगून दाखवलेलं होतं. दिब्रिटोंच्या व्याख्यानांत ख्रिस्ताच्या वचनाशेजारी तुकोबा सहज येऊन बसत, त्यामागे ही परंपरा होती.

पण निर्भयता पुस्तकातून येत नाही, ती करून मिळवावी लागते. १९८३ साली ‘सुवार्ता’ त्यांच्या हाती आलं आणि २००७ पर्यंत राहिलं. हे मासिक त्यांनी चर्चच्या अंगणातून बाहेर काढून सर्वधर्मीय मराठी वाचकापर्यंत नेलं. महिन्यामागून महिना अंक काढायचा, एखादा विषय छेडायचा, लोकांची पत्रं झेलायची, पुढच्या महिन्यात थोडं पुढे जायचं. क्षमताविश्वासाच्या पहिल्या वाटेचं याहून चांगलं उदाहरण मला सांगता येणार नाही. त्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामासाठी मोकळी करण्याचा निर्णय झाला. विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं, आणि जमिनीच्या पैशामागोमाग दहशत आली होती. तेव्हा पांढऱ्या झग्यातला हा माणूस मोर्च्याच्या पुढे चालू लागला. बोलायचं कसं हे तो संपादकाच्या टेबलावर शिकलेला होता. आता ते रस्त्यावर आलं.

आणि तिसरा कोपरा हलला. फादर पुढे आहेत म्हटल्यावर एरवी घरात बसणारी माणसं, बाया, शेतकरी, हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान सगळे हरित वसई संरक्षण समितीच्या मागे उभे राहिले. ‘आपल्याला मिळून हे जमेल’ या विश्वासाला बंडुरा सामूहिक क्षमताविश्वास म्हणतात. मोर्च्याला लोक आले म्हणून नेता धीट झाला, आणि नेता धीट झाला म्हणून लोक आले. यात आधी काय आणि नंतर काय, हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

याच काळात याच वसईत उलटंही घडत होतं आणि तेही याच सिद्धांताने समजून घ्यावं लागतं. वाड्या विकल्या गेल्या, खाड्यांवर भराव पडला, आणि हे करणारी सगळी माणसं वाईट नव्हती. चांगला माणूस आपल्या सद्सद्विवेकाला तात्पुरतं बाजूला कसं ठेवतो, यावर बंडुरांनी अनेक वर्षं काम केलं. ‘सगळेच विकताहेत, माझ्या दहा गुंठ्यांनी काय होणार’ म्हणजे जबाबदारी वाटून टाकणं. भरावाला ‘विकास’ म्हणणं म्हणजे कृत्याला गोंडस नाव देणं. ही वाक्यंही माणूस ऐकून, पाहूनच शिकतो. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत २०११च्या जनगणनेनुसारच १२ लाखांवर माणसं राहत होती. त्यातल्या माझ्यासारख्या अनेकांची घरं एकेकाळच्या मोकळ्या जमिनीवर आहेत. म्हणून हा परिच्छेद लिहिताना मी कोणाकडे बोट दाखवत नाही.

२०१९च्या सप्टेंबरात संमेलनाध्यक्षपदी दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्याही आल्या. पण संमेलनाला ते गेले. पाठीच्या दुखण्याने शरीर साथ देत नव्हतं, तरी देशातल्या हिंसेवर आणि लेखकाच्या स्वातंत्र्यावर ते स्पष्ट बोलले. शरीराचे संकेत माणसाला मागे ओढतात हे खरं, पण वसईच्या रस्त्यावर मिळवलेला आधीचा अनुभव त्यांच्यावर मात करू शकतो. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाचं ते धैर्य समजून घ्यायचं तर त्या दिवसापाशी थांबून चालत नाही, तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

या सिद्धांताच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जन्मतःच काही बाळं आवाजाने दचकणारी, नव्या माणसाला बिचकणारी असतात, आणि हा कल पुढे बरीच वर्षं टिकू शकतो, असं जेरोम केगन यांच्या अभ्यासातून दिसलं. बंडुरांच्या चौकटीत अशा उपजत घडणीला जागा आहे, पण ती कोपऱ्यातली. शिवाय ज्याला जमीन नाही, पैसा नाही, त्याला ‘विश्वास ठेव, जमेल’ म्हणणं हा या सिद्धांताचा सोयीचा गैरवापर आहे, आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तो सर्रास होतो. वारल्यांचा विश्वास वाढला तो भाषणांनी नव्हे, मजुरी पदरात पडल्याने.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बंडुरांच्या विचारात बळाचा उगम शेवटी ‘मी करू शकतो’ इथे आहे. दिब्रिटो मात्र श्रद्धावंत होते. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे ‘नाही मी एकला’. बंडुरांचा अभ्यासक याला सामूहिक विश्वास म्हणेल, किंवा आपल्या वतीने कोणी समर्थ उभा आहे या भावनेतून येणारं बळ म्हणेल, आणि त्यात तथ्य असेल. पण प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने सोबत करणारा तो कोणी हे मानसशास्त्राच्या मोजपट्टीवर येत नाही. तिथे संशोधकाने आपली वही मिटावी आणि त्या माणसाचं स्वतःचं लेखन वाचायला घ्यावं, असं मला वाटतं.